जॉब कार्डावर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "गेल्या दिवाळीत आम्ही १४ लाख २० हजारांची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसतात. कल्याणहून परतताना कसारा घाटात दोनदा गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला आणि गाडी ओढेनाशी झाली. मुलं मागच्या सीटवर आणि पाठीमागे ट्रक. वर्कशॉपला चार खेपा झाल्या. दरवेळी 'सॉफ्टवेअर अपडेट केलंय' नाहीतर 'या मॉडेलमध्ये हे नॉर्मल आहे' असं सांगून गाडी परत देतात. बदलून मागितली तर 'कंपनी ऐकत नाही' म्हणतात. गाडी शोरूमच्या दारात लावून यावं का? हप्ते थांबवावेत का? हे म्हणतात, तोटा सोसून विकून टाकू."

ताई, शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं देतोच. पण त्याआधी गाडीची फाइल उघडा आणि चारही खेपांची जॉब कार्डं, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहितं ते कागद, टेबलावर मांडा. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. 'घाटात गिअरबॉक्स तापतो, गाडी ओढत नाही' असं एका तरी कार्डावर आहे का? बहुधा 'जनरल चेकअप', 'फ्री सर्व्हिस', 'सॉफ्टवेअर अपडेट' असेच शब्द सापडतील. तसं असेल तर कागदोपत्री तुमची गाडी आजवर एकदाही बिघडलेली नाही. पुढे प्रकरण कंपनीच्या साहेबांकडे जावो की ग्राहक आयोगात, सगळे आधी हाच रकाना वाचतात.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी १४ वर्षं वर्कशॉपच्या काउंटरच्या पलीकडे होतो, त्यातली शेवटची ५ वर्क्स मॅनेजर म्हणून. संगमनेरकडचे एक डाळिंबाचे बागायतदार डिझेल गाडी घेऊन तीनदा आमच्याकडे आले. क्लच घसरायचा, जळका वास यायचा. मी स्वतः चालवून पाहिली होती. दोष होता. गाडी आत घेऊन कार्ड लिहिणाऱ्या आमच्या ॲडव्हायझरनं तिन्ही वेळा 'जनरल चेकअप, क्लच तपासला, ठीक' असं लिहिलं आणि मी खाली सही केली. ते गृहस्थ पुढे आयोगात गेले, तेव्हा कंपनीच्या वकिलांनी तीच तीन कार्डं पुढे केली. तक्रारच नोंदलेली नाही, मग दोष कुठला? त्यांची तक्रार फेटाळली गेली. त्या दिवशी बाहेर ते मला भेटले. एक शब्द बोलले नाहीत, नमस्कार करून निघून गेले. ती सही माझी होती. वर्षभरात मी ती नोकरी सोडली. तेव्हापासून ग्राहकांसाठी गाड्या तपासतो, अहवाल देतो आणि गरज पडली तर आयोगापुढे तो अहवाल माझ्या नावानिशी मांडतो.

कार्डावर असं मोघम का लिहितात, तेही समजून घ्या, म्हणजे समोरच्या माणसाशी बोलणं सोपं जाईल. वॉरंटीतल्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देते आणि ते देताना तपासून देते. बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो. तो चांगला निघाला किंवा कागद अपुरे पडले, तर ती रक्कम डीलरच्या माथी येते. गिअरबॉक्ससारख्या महागड्या कामाला तर कंपनीची आधी मंजुरी लागते. आता तक्रार स्पष्ट लिहिली तर तिचं उत्तर द्यावं लागणार. 'जनरल चेकअप' लिहिलं की गाडी धुऊन, पुसून संध्याकाळी परत. ॲडव्हायझर पोरगं वाईट नसतं. दिवसाला पंधरा-वीस गाड्या त्याच्या अंगावर असतात. त्याच्यावर ओरडून काही हाती लागत नाही. त्याच्याकडून नीट लिहून घेणं एवढंच आपल्याला करायचंय.

म्हणून पाचव्या खेपेला तक्रार घरूनच कागदावर लिहून न्या आणि तीच कार्डावर उतरवायला सांगा. साधारण अशी: 'किमी ६,४१२. कसारा घाटाच्या चढाला ट्रकच्या मागे १०-१५च्या वेगात सुमारे १५ मिनिटं चालवल्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडीनं वेग घेतला नाही. बाजूला थांबवून २० मिनिटांनी पुन्हा चालली. हीच तक्रार याआधी चार वेळा सांगितली आहे, तारखा अशा अशा.' तारीख, किलोमीटर, रस्ता, वेग, काय दिसलं, काय झालं, एवढंच. 'गाडी भंगार आहे', 'फसवलं' हे शब्द नकोत, त्यावरून काहीच तपासता येत नाही. ॲडव्हायझर म्हणाला की रकान्यात एवढं बसत नाही, तर तुमचा कागद जॉब कार्डाला जोडायला सांगा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोचही देत नसतील तर तिथेच उभं राहून तोच मजकूर डीलरच्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा. गाडी आत जाण्याआधीची वेळ त्या ईमेलवर पडते.

दुसरी गोष्ट वर्कशॉपमधले लोक आपणहून कधीच सांगत नाहीत. गाडीनं इशारा दिला की तिच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकात, बिघाडाचा फॉल्ट कोड साठतो. बऱ्याच गाड्यांत त्या कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही राहते: इंजिनाचे फेरे, वेग, तापमान. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड पाहतो आणि पुसतो. कोड पुसला की ती नोंदही गेली. तुमचा सगळ्यात पक्का साक्षीदार तिथे दोन मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून कार्डावर हे वाक्य घालून घ्या: 'कोड पुसण्याआधी स्कॅन रिपोर्टची प्रिंट ग्राहकाला द्यावी.' प्रिंट मिळेना तर किमान स्क्रीनचा फोटो काढू द्या म्हणा. रस्त्यात इशारा आला तर घरच्या कुणाला तरी डॅशबोर्डचा व्हिडिओ काढायला सांगा. किलोमीटरचा आकडा आणि इशारा एकाच चित्रात यायला हवेत. चालवणाऱ्यानं फोन हातात धरू नये.

गाडी परत घेताना गेट पासवर आणि 'समाधानी' छापलेल्या कागदावर सही मागतात. नुसती सही करू नका. 'दोष कायम आहे की नाही हे चालवून पाहिल्यावर कळवेन, हरकत राखून गाडी घेतली' असं हातानं लिहून मग सही करा. दोन-तीन दिवसांनी फोन येतो: 'मॅडम, दहापैकी किती गुण द्याल?' त्याआधी ॲडव्हायझरचाही येतो, 'ताई, दहाच द्या, माझा इन्सेन्टिव्ह जातो.' दया येते, मला कळतं. पण त्या दहा गुणांचा छापील कागद मी आयोगात कंपनीच्या फाइलमध्ये पाहिलाय. ग्राहक समाधानी होता, हा पुरावा म्हणून. दोष असेल तर नम्रपणे सांगा, 'तक्रार सुटलेली नाही', आणि तो फोन कुठल्या तारखेला आला ते लिहून ठेवा.

आता 'हे नॉर्मल आहे' या उत्तराकडे. ते दरवेळी खोटंच असतं असं नाही, आणि हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुमच्या गाडीत ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल, त्यातही कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा, तर चढावर रांगत्या रहदारीत तो तापतो. गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून उभी केली तर लवकरच तापतो. काही तक्रारी गाडीच्या नसतात, चालवण्याच्या सवयीच्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी विचारतो आणि काहींना ते आवडत नाही. पण सपाट रस्त्यावर, गार गाडीला, पहिल्या-दुसऱ्यात हिसके बसत असतील तर ते घाटाच्या नावावर खपवता येत नाही.

याचा सोक्षमोक्ष लावायला तुलनेची टेस्ट ड्राइव्ह मागा. तुमची गाडी आणि त्याच मॉडेलची, त्याच गिअरबॉक्सची दुसरी गाडी, शोरूमची डेमो चालेल. एकाच रस्त्यावर, लागोपाठ, त्यांचा टेक्निशियन चालवणार आणि तुम्ही शेजारी. इगतपुरीपर्यंत जायला तयार होणार नाहीत, पण जवळचा एखादा चढ आणि गर्दीचा रस्ता पुरतो. दुसरी गाडी हिसके देत नसेल तर 'नॉर्मल' हा शब्द तिथेच संपला. दोन्ही सारख्याच वागल्या तर तुमचा लढा वेगळा होतो. तो मग गाडी कशी बनवली याबद्दल कंपनीशी आहे, तुमच्या एका गाडीच्या दुरुस्तीचा राहत नाही. निकाल काहीही लागो, तो जॉब कार्डावर लिहून घ्या. टेस्ट ड्राइव्हला नकार दिला तर तो नकारही ईमेलवर नोंदवा.

आणखी एक मार्ग लोक विसरतात. वॉरंटी कंपनीची असते, ज्या शोरूममधून गाडी घेतली त्याची नव्हे. त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला गाडी नेता येते. नाशिकमध्ये दुसरा डीलर असेल तर तिथे, नाहीतर कल्याणला माहेरी जाल तेव्हा तिकडे. दुसऱ्या डीलरला तुमच्या पहिल्या चार खेपांची लाज वाटायचं कारण नसतं. तो बऱ्याचदा जे दिसतं ते लिहून मोकळा होतो. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं प्रकरण मी पाहिलं होतं. स्टेअरिंग एका बाजूला ओढायचं. पहिल्या डीलरनं सहा वेळा 'अलाइनमेंट केलं' एवढंच लिहिलं. कोल्हापूरच्या वर्कशॉपनं एका कार्डावर 'स्टेअरिंग रॅकमध्ये प्ले, बदलण्याची शिफारस' असं लिहिलं, म्हणजे चाकं वळवणारा भागच सैल होता. सरांकडे शंभर पानी वही होती. प्रत्येक प्रवासाची तारीख, किलोमीटर, टायरची हवा, पेट्रोलची पावती चिकटवलेली. ते एक कार्ड आणि ती वही समोर ठेवल्यावर कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरनं त्याच बैठकीत रॅक मंजूर केला. आयोगात जावंच लागलं नाही.

पेट्रोलच्या पावत्या ठेवाच. कारण हाती काही लागेना की वर्कशॉप पेट्रोलकडे बोट दाखवतं, हल्ली तर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे. मालकासाठीच्या पुस्तिकेत ई२० चालतं असं छापलेलं असेल तर ते कारण टिकत नाही. बाहेरून हॉर्न, दिवे, कॅमेरा बसवताना वायरिंग कापलं असेल तर मात्र ते तुमच्या विरुद्ध जाईल. सर्व्हिस वेळेत केली नसेल तरी जाईल. या दोन बाबतीत तुमची बाजू स्वच्छ आहे का, ते आधीच पाहून ठेवा.

कार्डं हातात आली की लेखी तक्रार एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवा: डीलरच्या मालकाला, कंपनीच्या विभागीय कार्यालयाला आणि कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला. ईमेल करा आणि पोच मागवून पोस्टानंही पाठवा. एक पान पुरे. खेपांची तारीखवार यादी, सोबत कार्डांच्या प्रती, तुमची मागणी आणि १५ दिवसांची मुदत. याबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती कंपनीपर्यंत तक्रार पोचवते. पण बऱ्याच गाडी कंपन्यांत अशा तक्रारी पाहणारे लोक वेगळे असतात आणि शोरूमच्या मॅनेजरपाशी अडकलेलं काम तिथून हलतं. वकिलाची नोटीस कायद्यानं सक्तीची नाही. तुमचं स्वतःचं नीट लिहिलेलं पत्र चालतं.

तिन्ही ठिकाणी का, तर भांडण नेमकं कुणाशी आहे हे चुकलं की प्रकरण अर्ध्यात कोसळतं. गोव्यातल्या एका ग्राहकाचं उदाहरण सांगतो. २०११ मध्ये त्यांना नवी म्हणून दिलेली गाडी प्रत्यक्षात २००९ ची आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. जिल्ह्यापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरलं गेलं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला त्यातून वगळलं. डीलर कंपनीकडून गाडी विकत घेऊन पुढे विकतो, तो कंपनीचा नोकर नाही. त्यानं केलेली लबाडी कंपनीला ठाऊक होती असं दाखवल्याशिवाय ती कंपनीच्या माथी मारता येत नाही, असं त्यातून ठरलं. तेव्हा जुनी गाडी नवी म्हणून दिली, मीटर फिरवला, ठोकलेली गाडी रंगवून दिली, असं काही असेल तर लढाई डीलरशी आहे आणि तिथे पोलिसांत फसवणुकीची तक्रारही करता येते. तुमचा प्रश्न गिअरबॉक्सच्या दोषाचा आहे. त्यात कंपनीच मुख्य पक्ष, आणि दुरुस्ती नीट न केल्याबद्दल डीलरही. दोघांनाही पक्षकार करा. नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो.

आता मागणी काय करायची, यावर नीट विचार करा, कारण इथे सगळ्यात जास्त लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. आपल्याकडे अमेरिकेतल्यासारखा स्वतंत्र 'लेमन लॉ' नाही. अमुक इतक्या खेपांनंतर गाडी बदलून मिळालीच पाहिजे, असा आपला कायदा सांगत नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये म्हटलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश काढता येत नाही. आजही कंपन्यांचे वकील हा निकाल पहिल्या पानावर लावतात. गाडी बदलून किंवा पैसे परत मिळाल्याची प्रकरणं आहेतच, पण तिथे दोष कारखान्यातलाच आहे आणि दुरुस्तीनं जात नाही, हे सिद्ध झालेलं असतं. म्हणून 'गाडी बदला, दुसरं काही नको' असं लिहू नका. पर्यायी मागण्या लिहा. पहिली, गिअरबॉक्स पूर्ण नवा बसवून द्यावा. तोही जमत नसेल तर गाडी बदलून किंवा किंमत परत द्यावी. आणि कोणत्याही परिस्थितीत खेपांचा खर्च, गाडी वर्कशॉपमध्ये पडून होती त्या दिवसांचं दुसऱ्या वाहनाचं भाडं आणि मनस्तापाची भरपाई.

माझ्या अनुभवात अशी बहुतेक भांडणं एरिया मॅनेजरच्या टेबलावरच मिटतात, म्हणून तडजोड कशी असावी तेही सांगतो. 'गिअरबॉक्स रिपेअर करतो' याला हो म्हणू नका. नवा गिअरबॉक्स, त्याचा पार्ट नंबर जॉब कार्डावर आणि त्या भागावरची वाढीव वॉरंटी कंपनीच्या लेटरहेडवर, डीलरच्या नव्हे. डीलरशिप उद्या बंद पडली तर डीलरचं पत्र कुठे वटवणार? सोबत 'सर्व वाद संपले' असा कागद पुढे करतात. त्यावर सही करण्याआधी किमान दोन महिने किंवा ३,००० किलोमीटर चालवून पाहण्याची अट घाला. कसाऱ्याच्या दोन फेऱ्या त्यात यायलाच हव्यात. मोफत सीट कव्हर, ॲक्सेसरीजचं कूपन, एक सर्व्हिस फुकट, असली गाजरं नाकारा.

नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्ह्यात चालते, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकमध्ये करता येते. शोरूम ठाण्याचं असतं तरी तिकडे जावं लागलं नसतं. १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी शुल्क ४०० रुपये आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वकील लागतोच असं नाही, तक्रार मराठीत लिहिलेली चालते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७५ पासून हे काम करत आल्या आहेत, त्यांचा सल्ला जरूर घ्या. दोष उघड झाल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. 'कंपनीशी ईमेल चालू होते' म्हणून मुदत वाढत नाही. गोड बोलून दोन वर्षं घालवलेली प्रकरणं मी पाहिली आहेत, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गाडी फर्मच्या नावावर असेल तर 'व्यावसायिक वापर' हा मुद्दा काढतात. संचालकाच्या स्वतःच्या वापराची गाडी तेवढ्यानं व्यावसायिक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तुमची गाडी घरच्या नावावर आहे, तुम्हाला ती अडचण नाही.

कायदा म्हणतो ३ महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चला. समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० आणि वाढवून आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांनंतर उत्तर घेता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं पक्कं केलंय. तिथे तारखा मोजत राहा. मध्यस्थीचा पर्याय आला तर जरूर बसा, वर सांगितलेल्या अटी तिथेही लागू.

खरं प्रकरण तपासणीवर ठरतं. दोष उघड्या डोळ्यांना दिसत नसेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तुम्ही स्वतः, पहिल्या तारखांनाच करा. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी या वाहनं तपासणाऱ्या संस्था आहेत. शासकीय तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ऑटोमोबाइल विभागातले प्राध्यापकही नेमले जातात. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. तो करायला कचरू नका. अहवालाशिवाय हरलेल्या तक्रारी खूप आहेत. सुरक्षेच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयानं ग्राहकाचं ओझं हलकं केलंय. अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या ह्युंदाईच्या प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालय म्हणालं की धडकेचा वेग आणि जोर मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ असावा, अशी अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही. घाटात मुलांसकट गाडी ओढेनाशी होणं हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. तक्रारीत तो तसा मांडा. व्हिडिओ आणि ईमेल जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लावा. फोन बदलला तरी मूळ फाइल जपून ठेवा.

राहिले तुमचे तीन प्रश्न. गाडी शोरूमच्या दारात लावून येऊ नका. ते पार्किंगचं भाडं लावतात, बॅटरी उतरते, टायर बसतात आणि मग नवा दोष तुमच्या हलगर्जीपणाचा ठरतो. घाटात नेणं मात्र आजपासून थांबवा आणि 'सुरक्षेच्या कारणानं घाटात वापर बंद केला आहे' असं लेखी कळवा. शहरातही गरजेपुरतीच चालवा. मीटरवर ४० हजार चढले की 'एवढी चालली म्हणजे चांगलीच आहे' असं म्हणतात आणि आयोगही ते ऐकतो.

हप्ते अजिबात थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, गिअरबॉक्सशी तिचा संबंध नाही. सिबिल बिघडेल, गाडी उचलून नेतील आणि तपासायला गाडीच हाती उरणार नाही.

तुमच्या यजमानांना विकण्याबद्दल सांगा, इतक्यात नको. तक्रार चालू असताना गाडी विकली तर तपासणार काय, हा पहिला प्रश्न येतो आणि बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. आधी तज्ज्ञाची तपासणी होऊन अहवाल आयोगात दाखल होऊ द्या. मग अडचण असेल तर आयोगाची परवानगी घेऊन विका, आणि घेणाऱ्याला गिअरबॉक्सचं सगळं सांगून. त्याच्याही मागच्या सीटवर मुलं असतील.

पाचवी खेप येत्या शनिवारी आहे म्हणालात. शनिवारी वर्कशॉपमध्ये गर्दी असते आणि वर्क्स मॅनेजर जागेवर सापडत नाही. जमलं तर मंगळवार-बुधवारची वेळ घ्या. सकाळी पहिल्याच गाड्यांत नंबर लावा आणि स्कॅनर लावताना गाडीपाशी उभ्या राहा.